हललेला फोटो: दुरुस्त करायचा की त्यातून काही वेगळं घडवायचं?

कवडसा

एका फोटोबद्दल तुमची मदत हवी आहे. संध्याकाळ सरता सरता काढलेला आहे. भाची पहिल्यांदाच आधाराशिवाय सायकलवर निघाली आहे आणि तिच्या मागे माझे बाबा आहेत. त्यांनी सीटवरचा हात त्याच क्षणी सोडलाय. हात अजून पुढेच आहे, बोटं उघडी आहेत. हा क्षण पुन्हा मिळणार नाही, आणि फोटो हललेला आहे.

तांत्रिक माहिती: ५० मिमी लेन्स, शटर १/८ सेकंद, आयएसओ १६००. रॉ फाईल आहे (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली), रुंदी ६००० पिक्सेल. मागे रस्त्यावरचा एक दिवा आहे, तो ठिपका न दिसता छोट्या तिरक्या रेघेसारखा दिसतो. भाचीचा चेहरा ओळखू येत नाही. बाबांचा येतो, पण ज्यांनी त्यांना पाहिलंय त्यांनाच. रंग मात्र सुरेख आलेत: निळसर उजेड, दिव्याचा पिवळा आणि तिचा लाल फ्रॉक.

शार्पनिंगचा स्लायडर वाढवून पाहिला, तर कडांना पांढरी किनार आली आणि दाणे उसळले. चेहरे 'पूर्ववत' करणारं एक एआय अॅपही वापरून पाहिलं. त्याने भाचीला छान हसरा चेहरा दिला, समोरच्या दातांसकट. तेव्हा तिचे पुढचे दोन्ही दात पडलेले होते. तो चेहरा तिचा नव्हताच.

दोन प्रश्न आहेत. यातलं खरोखर काय परत मिळवता येईल? आणि जे मिळणार नाही त्याचं काय करायचं, कारण मला याची मोठी प्रिंट भिंतीवर लावायची आहे.

---

चौकट

कवडसाताई, फोटो १०० टक्क्यांवर (फोटोचा एक पिक्सेल पडद्यावर एका पिक्सेलइतका) उघडा आणि आधी एकच गोष्ट शोधा: चौकटीत कुठेतरी काही रेखीव आहे का?

मागची भिंत, कुंपण रेखीव आणि माणसं पुसट असतील तर माणसं हलली. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं असेल तर कॅमेरा हलला. आणि माणसांच्या पुढचं किंवा मागचं काही स्पष्ट असून माणसंच मऊ असतील तर फोकस चुकला. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि लोक तिन्हींवर एकच स्लायडर फिरवतात.

तुमच्या वर्णनावरून दोन गोष्टी एकत्र झाल्यात. दिव्याची रेघ सांगते की कॅमेरा हलला. दिवा तर जागचा हलत नाही! शिवाय सायकल पुढे जात होती आणि बाबा धावत होते. म्हणजे भाचीची दिशा वेगळी, बाबांची वेगळी, बाबांच्या हाताची त्याहून वेगळी. एकाच फिल्टरने हे सगळं सरळ होणार नाही, हे आधीच धरून चला.

पण तो दिवा फार कामाचा आहे. त्याची रेघ किती पिक्सेल लांब आहे आणि कोणत्या कोनात आहे, ते मोजून सांगा.

---

कवडसा

रेघ साधारण २४ पिक्सेल लांब आहे, आडव्यापासून अंदाजे ३० अंश वर चढलेली. शेवटाला किंचित वळते. कुंपणाच्या सळ्याही त्याच दिशेने दुहेरी दिसतात. म्हणजे तुम्ही म्हणता तसं, रेखीव काहीच नाही.

---

नभांगण

चौकट यांनी नेमकं बोट ठेवलंय. त्या रेघेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे.

प्रकाशाचा एक बिंदू चित्रात ज्या आकारात पसरतो, साधारण तोच आकार चित्रातल्या जागच्या जागी असलेल्या प्रत्येक बिंदूला मिळालेला असतो. शाईचा प्रत्येक थेंब टिपकागदावर एकाच आकारात पसरावा, आणि शेजारच्या थेंबांत मिसळावा, तसं. तो आकार माहीत असेल तर गणिताने उलट जाता येतं. याला डिकॉन्व्होल्यूशन म्हणतात. खगोलशास्त्रात हे रोजचं काम आहे, कारण तिथे प्रत्येक तारा म्हणजे तुमचा तो दिवाच. सर्वात परिचित पद्धत रिचर्डसन यांनी १९७२ मध्ये आणि लूसी यांनी १९७४ मध्ये स्वतंत्रपणे मांडली, म्हणून ती दोघांच्या नावाने ओळखली जाते.

हबल दुर्बीण १९९० मध्ये अवकाशात गेली आणि तिचा २.४ मीटरचा आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रोमीटरने जास्त सपाट घासला गेल्याचं लक्षात आलं. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्ती केली, पण मधली वर्षं वाया गेली नाहीत. ताऱ्याचा बिंदू नेमका कसा पसरतोय हे माहीत असल्यामुळे याच गणिताने बरीच चित्रं सुधारून वापरली गेली.

आता मर्यादा. हलण्यामुळे काही बारीक तपशील नुसते फिके होत नाहीत, पूर्ण पुसले जातात. २४ पिक्सेलच्या रेघेत, त्या दिशेने बरोबर २४ पिक्सेलच्या अंतराने येणारे पट्टे सपाट करडे होऊन जातात. तिथे शिल्लक काहीच नसतं, त्यामुळे कोणतंही गणित तिथून काही काढू शकत नाही. जबरदस्ती केली की कडांभोवती लाटांसारख्या रेघा उठतात आणि आयएसओ १६०० चे दाणेही फुगतात.

म्हणून असं करा. रॉ फाईल उघडताना शार्पनिंग शून्य ठेवा आणि फक्त रंगाचे दाणे हलके काढा. १६ बिटमध्येच पुढे न्या, जेपेग नको. जेपेग चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे ठोकळे करतो आणि डिकॉन्व्होल्यूशनमध्ये ते ठोकळेच वर येतात. रॉथेरपी किंवा जी'मिक या सॉफ्टवेअरमधलं रिचर्डसन-लूसी गोल पसरणारा मऊपणा गृहीत धरतं, तुमच्या तिरक्या रेघेला ते फारसं लागू पडणार नाही. फोटोशॉप असेल तर स्मार्ट शार्पनमध्ये मोशन ब्लर निवडून कोन देता येतो. ३० अंश द्या, त्रिज्या कमीपासून वाढवत न्या. लाटा दिसू लागल्या की थोडं मागे या.

---

निगेटिव्ह

नभांगण यांच्या प्रतिसादाला एक जोड. कवडसाताईंनी फिरवलेला शार्पनिंगचा स्लायडर यातलं काहीच करत नाही. तो अनशार्प मास्क आहे, आणि तो संगणकाच्या कितीतरी आधीचा, अंधाऱ्या खोलीतला आहे. मूळ निगेटिव्हची मुद्दाम पुसट अशी फिकी पॉझिटिव्ह प्रत काढायची, ती निगेटिव्हला चिकटवायची आणि दोन्हींतून मिळून प्रिंट काढायची. त्याने कडेच्या उजळ बाजूला आणखी उजळ आणि गडद बाजूला आणखी गडद मिळतं. डोळ्याला धार वाटते, पण तपशील एकही वाढलेला नसतो. ती पांढरी किनार म्हणजे हेच काम प्रमाणाबाहेर गेलेलं.

ते हाताने करताना किनार किती यावी हे प्रिंट काढणाऱ्याच्या बोटात असायचं. स्लायडरवरही तेवढाच संयम लागतो.

---

कवडसा

नभांगण, तुम्ही सांगितलं तसं केलं. कुंपणाच्या सळ्या आता एकेकट्या दिसतात, दिव्याची रेघ निम्म्याने आखडली, मागच्या भिंतीलाही पोत आला. पण भाची आणि बाबा तसेच आहेत. उलट भाचीच्या चेहऱ्याभोवती त्या लाटा आल्या. म्हणून मास्क (परिणाम हव्या त्या भागापुरता ठेवणारा पडदा) लावून हा परिणाम फक्त मागच्या भागावर ठेवला.

आणि आता एक विचित्र गोष्ट झाली आहे. मागचं कुंपण स्पष्ट आणि माणसं धूसर, त्यामुळे नजर कुंपणाकडे जाते.

---

ओलरेष

इथेच थांबा ताई. तुमचा दुसरा प्रश्न इथून सुरू होतो, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

प्रिंटचा हिशोब करून पाहा. ६००० पिक्सेलमध्ये २४ पिक्सेलची रेघ, म्हणजे रुंदीच्या अडीचशेव्या भागाइतकी. ५ इंच रुंद प्रिंटवर ती अर्ध्या मिलिमीटरची, १० इंचांवर साधारण १ मिलिमीटरची, आणि ३० इंचांवर ३ मिलिमीटरची. अल्बममधल्या लहान प्रिंटवर हा फोटो थोडासा मऊ वाटेल, इतकंच. भिंतीवरच्या मोठ्या प्रिंटवर तीन मीटर लांबूनही हललेपण दिसेल. ते लपवता येणार नाही. म्हणून मोठी प्रिंट हवी असेल तर हललेपण मुद्दाम ठेवलेलं दिसलं पाहिजे. अर्धवट दुरुस्त केलेला फोटो चुकल्यासारखा वाटतो, पूर्ण झोकून दिलेला तसा वाटत नाही.

फोटोग्राफीत हे नवीन नाही. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन, जन्म १८१५, कोलकाता. वयाच्या ४८ व्या वर्षी हातात पहिला कॅमेरा आला आणि त्यांनी मऊ, धूसर चेहऱ्यांची पोर्ट्रेट काढली. त्या काळच्या जाणकारांनी त्याला सदोष म्हटलं, आज ती संग्रहालयांत आहेत. अर्न्स्ट हास यांनी १९५६ मध्ये बैलांच्या झुंजी संथ शटरवर रंगीत टिपल्या. त्यात बैल आणि माणूस रंगांचे फराटे होऊन गेलेत आणि झुंजीचा वेग त्या फराट्यांतूनच कळतो. जपानमध्ये १९६८ च्या सुमारास दाइदो मोरियामा आणि त्यांचे सोबती दाणेदार, हललेले, फोकस सुटलेले फोटो ठरवून काढत होते.

यांच्याकडून एक गोष्ट घ्यायची. चित्रात काय उरलंय ते बघायचं आणि बाकी सगळं त्याच्यामागे उभं करायचं. तुमच्या फोटोत काय उरलंय, ते तुम्हीच पहिल्या परिच्छेदात लिहिलंय: उघडी बोटं. ती आणि सायकल यांच्यामधली मोकळी जागा. चेहऱ्यांची गरजच नाही. हात सुटला आणि मूल पुढे गेलं, हे आकारांवरूनच कळतं.

म्हणून मी मागच्या भागावर केलेली दुरुस्ती काढून टाकेन. उलट मागचं कुंपण भाचीच्या प्रवासाच्या दिशेने आणखी ओढेन. वेगळ्या लेयरवर मोशन ब्लर लावा, कोन सायकलच्या दिशेचा ठेवा. मग मास्कवर मोठ्या मऊ ब्रशने बाबांच्या हाताच्या आसपास तो पुसत आणा. हाताजवळ शून्य, दूर जाताना वाढत. सगळीकडे सारखा लावलात तर चित्र नुसतंच बिघडेल.

---

पायवाट

कृष्णधवल केलं तर? रंग गेले की नजर आकारांवर जाते, आणि हललेल्या कडा इतक्या खटकत नाहीत. दाणेही खपून जातात.

---

ओलरेष

पायवाट, बहुतेक हललेल्या फोटोंना मी हेच सुचवेन. पण इथे नको. निळा उजेड आणि लाल फ्रॉक हा विरोध इतका जोरकस आहे की तोच भाचीला मागच्या भागापासून वेगळी काढतोय. या फोटोत लाल आणि निळा साधारण सारख्याच गडद छटेचे असावेत. तसं असेल तर साध्या कृष्णधवलमध्ये दोन्ही एकच करडे होतील आणि भाची कुंपणात विरघळेल. ताई, एक प्रत करून स्वतःच तपासा, लगेच दिसेल.

---

कवडसा

तपासलं. खरंच विरघळली. रंग राहणार.

---

निगेटिव्ह

ओलरेष यांच्या मुद्द्याला माझा पाठिंबा, फक्त बाबांच्या हाताबद्दल थोडं वेगळं सांगतो. हात हा या चित्राचा केंद्र असेल तर डोळ्याला तिथे टेकायला काहीतरी ठाम लागेल. नुसता कमी धूसर हात पुरणार नाही.

हात धारदार न करता ठाम करता येतो. हातामागचा भाग हलका गडद करा आणि बोटांच्या वरच्या कडेला, जिथे दिव्याचा उजेड पडतोय, तिथे थोडं उजळवा. ही डॉज (उजळवणं) आणि बर्न (गडद करणं) यांची जुनीच युक्ती. ५० टक्के करड्या रंगाने भरलेली लेयर घ्या, ब्लेंड मोड सॉफ्ट लाइट ठेवा आणि ५-६ टक्के जोराच्या ब्रशने हळूहळू रंगवत जा. मग चित्राची एक प्रत घेऊन त्यावर हाय पास (फक्त कडा उचलणारा) फिल्टर लावा. त्रिज्या मोठी ठेवा, २० पिक्सेलच्या आसपास, कारण इथे बारीक तपशील मुळात नाहीच, जे आहेत ते मोठे आकार. मोड ओव्हरले, आणि मास्कने फक्त हातावर. हाय पासची लेयर रंगहीन करून घ्या, नाहीतर कडांना रंगाची किनार येते.

---

झरोका

मला मात्र एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती टाळून चालणार नाही. बोटांची कड रंगवून उजळ करणं आणि एआयने दात लावणं, यात फरक काय? दोन्हींत जे नव्हतं ते आलंच ना?

---

नभांगण

झरोका, प्रश्न रास्त आहे. मी फरक असा करतो. डॉज आणि बर्न चित्रात असलेल्याच प्रकाशाला कमी-जास्त करतं. एआय मात्र पुसट ठिपक्यांतून सर्वात संभाव्य चेहरा बनवतं, आणि तो त्याने शिकलेल्या चेहऱ्यांतून येतो. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांचं पल्स नावाचं मॉडेल यावरूनच चर्चेत आलं. बराक ओबामांचा ठोकळ्याठोकळ्यांचा लहान फोटो दिला, तर त्याने गोऱ्या माणसाचा चेहरा तयार केला. तो चेहरा स्पष्ट होता, पटण्यासारखा होता आणि पूर्ण चुकीचा होता. कवडसाताईंना दात माहीत होते म्हणून कळलं. ज्याला माहीत नाही त्याला कधीच कळणार नाही, आणि काही वर्षांनी घरातल्यांच्या आठवणीतही तोच चेहरा बसेल. कुटुंबाच्या फोटोत मला हे फार गंभीर वाटतं.

---

चौकट

माझ्या मते फोटो कुठे जाणार यावर बरंच अवलंबून आहे. बातमीसाठी किंवा वार्तांकनाच्या स्पर्धेसाठी असेल तर त्यात काही घालणं किंवा काढणं अजिबात चालत नाही. वर्ल्ड प्रेस फोटो या स्पर्धेचे नियम याबाबतीत कडक आहेत. मोशन ब्लर वाढवणंही तिथे मी करणार नाही. घरच्या भिंतीवरचं चित्र ही वेगळी गोष्ट. तिथे एकच पथ्य पाळावं: मूळ रॉ फाईल न बदलता जपून ठेवायची आणि घडवलेल्या प्रतीच्या नावातच तसं लिहायचं. पुढे कोणी फोल्डर उघडलं तर कोणतं काय हे कळायला हवं.

---

झरोका

पटलं. चेहरा बनवायचा नाही आणि मूळ प्रत ठेवायची, या दोन गोष्टी असतील तर माझी हरकत नाही.

---

ओलरेष

आणखी एक फिल्टर सुचवते, जपून वापरण्यासाठी. कुवाहारा. १९७६ मध्ये तो हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमांसाठी बनवला गेला. प्रत्येक पिक्सेलभोवतीचे चार छोटे चौकोन पाहतो, त्यांतला सर्वात एकसारखा निवडतो आणि त्याची सरासरी तिथे भरतो. त्यामुळे दाणे जातात पण कडा राहतात, आणि चित्र ब्रशने रंगवल्यासारखं दिसतं. गिम्प या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जी'मिक जोडून घेतलंत की मिळतो.

पूर्ण चित्रावर एकाच त्रिज्येने लावू नका. मग तो कुठल्याही अॅपमधला तयार परिणाम वाटतो. खऱ्या रंगचित्रात चित्रकार आकाशाला मोठा ब्रश वापरतो आणि चेहऱ्याला बारीक. तसं तीन लेयर करा: कुंपण आणि आकाशाला मोठी त्रिज्या, भाचीला मध्यम, हाताला अगदी कमी किंवा काहीच नाही. मास्कच्या कडा मऊ ठेवा.

---

कवडसा

गेले काही दिवस यावरच बसले होते. काय केलं ते लिहिते, दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

मूळ रॉ पुन्हा उघडली, शार्पनिंग शून्य, फक्त रंगाचे दाणे काढले. डिकॉन्व्होल्यूशनची प्रत वापरलीच नाही. कुंपण सायकलच्या दिशेने ओढलं, डाव्या टोकाला सर्वात जास्त, हाताजवळ काहीच नाही. दिव्याची रेघ आधी काढणार होते, पण आता ती उजेडाचा फराटा वाटते आणि बाकीच्या हालचालीशी जुळते, म्हणून ठेवली. कुवाहारा फक्त आकाशाला आणि रस्त्याला लावला. भाचीवर लावून पाहिला, तर फ्रॉकच्या चुण्या बाहुलीच्या कपड्यांसारख्या गुळगुळीत झाल्या, म्हणून काढला.

सर्वात जास्त वेळ हातावर गेला. निगेटिव्ह यांनी सांगितलेली करडी लेयर सगळ्यात उपयोगी पडली. हातामागचं कुंपण जसं गडद होत गेलं तशी बोटं पुढे आली. हाय पास मात्र २० वर कर्कश वाटला, म्हणून लेयरची अपारदर्शकता ४० टक्क्यांवर आणली.

मग चौकट बदलली. वरचं बरंच आकाश कापलं आणि उजवीकडची, भाचीच्या पुढची मोकळी जागा तशीच ठेवली. चित्र आता लांबट झालंय. या कापण्याने जितका फरक पडला तितका कुठल्याच फिल्टरने पडला नाही. भाचीचा चेहरा लाल फ्रॉकच्या वरचा उजळ डाग आहे, बस. त्याला मी हात लावला नाही.

आता प्रिंटबद्दल सांगा. ग्रेन (फिल्मसारखे दाणे) घालायचं का? आणि कागद कोणता?

---

निगेटिव्ह

वाचूनच छान वाटलं. आकाश कापण्याचा निर्णय अगदी योग्य, आणि पुढची जागा राखलीत तेही. पुढे रस्ता दिसला तरच सायकल पुढे जाते.

ग्रेन जरूर घाला. डोळ्याला पृष्ठभागावर काहीतरी रेखीव मिळालं की खालच्या आकारांचा मऊपणा तो सहज स्वीकारतो. शिवाय कुवाहाराने गुळगुळीत झालेलं आकाश आणि दाणेदार हात यांच्यातला सांधाही ग्रेनने झाकला जातो. पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी चित्र प्रिंटच्या अंतिम मापाला आणा, मग सगळ्यात वरच्या लेयरवर ग्रेन घाला. आधी ग्रेन घालून नंतर आकार बदललात तर दाणेही मऊ होतात आणि सगळा उद्देश फुकट जातो. ग्रेन रंगीत नको, फक्त उजेडाचं हवं.

कागद मॅट, थोडा पोत असलेला. चकचकीत कागदावर डोळा धार शोधतो. १५० पीपीआय (प्रिंटच्या एका इंचात १५० पिक्सेल) या चित्राला पुरेसं आहे, ३०० चा आग्रह धरायची गरज नाही. आणि पूर्ण प्रिंट काढण्याआधी हाताच्या भागाचा एक तुकडा खऱ्या मापात छापून बघा. पडद्यावर गडद भाग मागून उजळलेला दिसतो, कागदावर तो बराच बुडतो. हातामागचं कुंपण काळंकुट्ट झालं तर तिथे थोडं परत उजळवावं लागेल.

---

पायवाट

धागा वाचनखुणेत ठेवलाय. माझा फोटो उलट प्रकारचा आहे: दहा-बारा माणसांचा समूह, कॅमेरा स्थिर, पण फोकस मागच्या झाडावर गेलाय. यातलं काय चालेल?

---

चौकट

पायवाट, तुमच्याकडे हालचाल नाही, त्यामुळे मोशन ब्लर आणि ओढलेले फराटे विसरा. स्थिर उभ्या माणसांना ते शोभणारही नाहीत. तुमच्या फोटोत प्रत्येक बिंदू गोल चकतीसारखा पसरलाय, म्हणून नभांगण यांनी सांगितलेलं रिचर्डसन-लूसी तुम्हाला जास्त उपयोगी पडेल, किंवा स्मार्ट शार्पनमध्ये लेन्स ब्लर. मऊपणा थोडा असेल तर बराच फरक दिसेल.

जास्त असेल तर प्रिंट लहान काढा आणि सोबत मागचं झाड गडद व मऊ करून घ्या, म्हणजे ते माणसांपेक्षा रेखीव दिसणार नाही. मागचं रेखीव असणं हेच अशा फोटोत सर्वात आधी डोळ्यात येतं. समूहाच्या फोटोत चेहरे ओळखू येणंच महत्त्वाचं, तिथे धूसरपणाला कला म्हणून पुढे करू नका. एका चेहऱ्याचा भाग १०० टक्क्यांवर बघून त्याचं इथे वर्णन करा, डोळ्यांच्या आणि भुवयांच्या कडा वेगळ्या दिसतात का तेवढं कळलं तरी पुढचं सुचवता येईल.